वेग कोणाच्या हातात होता? बंगळूर, १४ फेब्रुवारी १९९०

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कंट्रोल रूमला लागून ट्रेनिंगची एक खोली आहे. दर तीन महिन्यांनी तिथे दहा-बारा ऑपरेटर बसतात आणि मी त्यांच्यासमोर एक अपघात उलगडते. एरवी तो एखाद्या केमिकल प्लँटमधला असतो. या वेळी मी विमानाचा घेतला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून कँटीनमध्ये विमानांच्या गप्पा वाढल्यात. उलव्याहून येणारी दोन मुलं तर रोज काहीतरी नवीन सांगतात. पण अपघाताचा विषय निघाला, की ताटातला भात संपायच्या आत निकाल लागलेला असतो: "पायलटची चूक."

हा निकाल माझ्या जिव्हारी लागतो. आमच्या धंद्यात याला जुळा भाऊ आहे, "ऑपरेटरची चूक". रिपोर्टात हे शब्द उतरले की फाइल बंद होते, एका माणसाची बदली होते आणि पॅनेल जसंच्या तसं राहतं. म्हणून मी असा अपघात निवडला, ज्यात चूक खरोखर वैमानिकांचीच ठरली. तिथून पुढे काय विचारता येतं, हे मला मुलांना दाखवायचं होतं.

त्या दुपारी

इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट ६०५, मुंबईहून बंगळूरला. विमान एअरबस ए३२०, कंपनीच्या ताफ्यात नुकतंच आलेलं. विमानात १४६ जण. हवा स्वच्छ, इंजिनं ठणठणीत, इंधन भरपूर. उजेडी दुपार होती आणि समोर धावपट्टी दिसत होती. दुपारी एकच्या सुमारास ते विमान धावपट्टीच्या सुमारे २,३०० फूट अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुन्हा आदळलं आणि पुढच्या बांधावर जाऊन पेटलं. ९२ माणसं गेली. दोन्ही वैमानिक त्यांतच. त्यांची नावं सरकारी अहवालात आहेत. मी वर्गात ती घेत नाही. नाव आलं की माणसाबद्दल बोलणं सुरू होतं आणि मला त्या खुर्च्यांबद्दल बोलायचं असतं.

डाव्या खुर्चीत विमान चालवणारे कॅप्टन होते. त्यांची त्या दिवशी रूट चेक होती. उजव्या खुर्चीत त्यांची परीक्षा घेणारे कॅप्टन. दोघंही अनुभवी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

विमान उतरताना दोन कामं सांभाळावी लागतात: वाट आणि वेग. वाट म्हणजे किती उतारानं खाली यायचं, आणि वेग म्हणजे पंखांना हवेवर तोलून धरण्याइतकी गती. ए३२० मध्ये ही कामं यंत्रावर सोपवता येतात, पण ती कशी वाटून द्यायची याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. त्यांनाच मोड म्हणतात. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात जो मोड हवा, त्यात इंजिनं वेग सांभाळतात. वेग कमी झाला की ऑटोथ्रस्ट आपोआप जोर वाढवतं. पण "ओपन डिसेंट" नावाचा दुसरा एक मोड आहे. त्यात इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर ठेवली जातात आणि वेग सांभाळायचं काम विमानाच्या नाकाकडे जातं. नाक खाली केलं की वेग वाढतो, वर केलं की घटतो. उंचावरून झरझर खाली यायला हा मोड चांगला. जमीन जवळ आल्यावर घातक.

मुलांना मी हे पारसिक डोंगरावरून समजावलं. बेलापूरकडे उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी पळत राहते, कारण उतार तिला ओढतो. पण रस्ता सपाट होत गेला आणि तुम्ही पाय दिलाच नाहीत, तर गाडी मंदावणारच. विमानाचं नाक वर उचलणं म्हणजे हवेतला उतार सपाट करणं. गाडी मंदावली तर नुसती थांबते. विमानाला थांबायची सोय नाही.

पस्तीस सेकंद

जमिनीवर आदळायच्या सुमारे ३५ सेकंद आधी काय झालं असावं, याबद्दल चौकशीत सर्वांत संभाव्य मानली गेलेली गोष्ट अशी. विमान मिनिटाला ७०० फूट या गतीनं उतरावं म्हणून हा आकडा द्यायचा होता. कॉकपिटच्या काचेखालच्या पट्टीवर उंचीची गुंडी आणि उतरण्याच्या गतीची गुंडी शेजारी शेजारी आहेत. उजवीकडच्या कॅप्टनांचा हात बहुधा शेजारच्या गुंडीवर पडला. ७०० हा आकडा उतरण्याच्या गतीऐवजी उंचीच्या खिडकीत गेला. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि बंगळूरचा तो विमानतळच २,९१४ फुटांवर होता. म्हणजे यंत्राला हुकूम गेला, "जमिनीच्या दोन हजार फूट खाली जा." यंत्रानं हुकूम पाळला. ओपन डिसेंट लागला आणि इंजिनं आयडलवर गेली.

इथे वर्गातल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, मशीन एवढं हुशार, तर जमिनीखालची उंची घेतलीच कशी?" रास्त प्रश्न. ती गुंडी जमीन कुठे आहे ते विचारत नाही. दिलेला आकडा घेते. आमच्याकडे सेटपॉइंटला, म्हणजे यंत्रानं गाठायच्या आकड्याला, वरची-खालची मर्यादा घालता येते, आणि ती कुठे घातलेली नाही याची यादी करायचं काम त्या मुलानंच अंगावर घेतलं.

मी स्टॉपवॉच लावलं आणि ३५ सेकंद काही न बोलता उभी राहिले. पंधराव्या सेकंदाला लोक चुळबुळ करू लागले. विसाव्याला कोणीतरी दाराकडे पाहिलं. पस्तीस सेकंद पुष्कळ असतात. इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या लिव्हरवर हात नेऊन तो पुढे ढकलायला दोन सेकंद पुरतात.

आणि त्या पस्तीस सेकंदांत कॉकपिट गप्प नव्हतं. व्हॉइस रेकॉर्डरवर संभाषण आहे. उजवीकडचे कॅप्टन डावीकडच्यांना म्हणतात, की तुम्ही इतका वेळ आयडल ओपन डिसेंटवरच उतरताय. मग विचारतात, फ्लाइट डायरेक्टर बंद करायचे का? नाक कुठे ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या रेषा म्हणजे फ्लाइट डायरेक्टर. ते दोन असतात, प्रत्येकाच्या समोर एक. दोन्ही बंद केले तर ऑटोथ्रस्ट पुन्हा वेग सांभाळायला लागतं. एक जरी चालू राहिला तरी इंजिनं आयडलवरच. डावीकडचे म्हणतात, माझा मी बंद केलाय. उजवीकडचे म्हणतात, पण माझा नाही केलात. तेवढ्यात यंत्राचा आवाज उंची पुकारतो: दोनशे. मग विचारणा होते, ऑटोपायलट अजून चालू आहे का. नाही, बंद आहे. आणि मग डावीकडून येतं, की अरे, आपण खाली चाललोय.

वेग १३२ नॉट असायला हवा होता. तो १०६ पर्यंत घसरला होता, म्हणजे ताशी सुमारे २४५ किलोमीटरवरून १९६ वर.

वेग फार पडला की ए३२० स्वतःहून इंजिनांना पूर्ण जोर देतं. ती सुरक्षा त्या विमानात होती. पण जेट इंजिन म्हणजे विजेचा दिवा नव्हे. आयडलवर फिरणाऱ्या इंजिनाला पूर्ण जोर धरायला कित्येक सेकंद लागतात. विमानाला प्रमाणपत्र देतानाचा नियमच असा आहे, की आयडलवरून लिव्हर ढकलल्यावर आठ सेकंदांनी जेवढा जोर मिळेल तेवढ्यावर ते पुन्हा चढू शकलं पाहिजे. त्या दुपारी आठ सेकंद उरले नव्हते.

अहवालाचं वाक्य

कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चौकशी केली. निष्कर्षाचा गाभा असा: परिस्थितीचं गांभीर्य वैमानिकांच्या ध्यानात आलं नाही. विमान आयडल ओपन डिसेंटमध्ये आहे हे ठाऊक असूनही, चारशे, तीनशे, दोनशे असे पुकारे होऊनही त्यांनी थ्रॉटल पुढे नेण्याची तातडी केली नाही. आणि ऐन शेवटच्या टप्प्यात तो मोड कशामुळे लागला, हे नक्की सांगता येत नाही.

म्हणजे झाली वैमानिकांची चूक. मी ती नाकारत नाही. पण "ठाऊक असूनही" हे दोन शब्द मी फळ्यावर लिहिले आणि त्यांच्यावर पाऊण तास काढला.

या अपघाताबद्दल सहसा म्हणतात, की वैमानिक मोडच्या बाबतीत गोंधळले, विमान काय करतंय ते त्यांना कळलं नाही. माझ्या मते हे अर्धवट आहे. मोडचं नाव त्या कॉकपिटमध्ये मोठ्यानं उच्चारलं गेलं होतं, तेही अचूक. त्या नावाचा पुढचा अर्थ मात्र कोणी उच्चारला नाही: "म्हणजे आत्ता वेग कोणीच सांभाळत नाहीये." इंजिनं आयडलवर होती. नाकानं वेग सांभाळायचा, तर ते खाली हवं होतं. पण विमान वाटेच्या खाली सरकतंय असं दिसल्यावर कुठलाही वैमानिक नाक वर घेणार. दोन्ही कामं एकाच नाकावर आली होती आणि नाक वाटेच्या मागे लागलं होतं. वेगाला वाली उरला नव्हता.

यात भर घालणाऱ्या दोन गोष्टी त्या विमानाच्या घडणीत होत्या. जुन्या विमानांत ऑटोथ्रॉटल जोर वाढवतं तेव्हा थ्रॉटलचे दांडे खरोखर हलतात. त्यांवर हात ठेवलेल्या माणसाला न बघता कळतं, की इंजिन काय करतंय. ए३२० मध्ये लिव्हर एका खाचेत स्थिर राहतात, आत जोर कितीही बदलो. दुसरी गोष्ट, जुन्या विमानांत वेग पडला की हातातला दांडा जड होऊन खेचायला लागतो. इथे संगणक तो तोल परस्पर सावरतो, त्यामुळे साइडस्टिकला, म्हणजे ए३२० मधल्या त्या दांड्याला, जडपणा येत नाही. म्हणजे हाताला मिळणाऱ्या दोन्ही खबरा बंद, आणि बातमी फक्त डोळ्यांनी वाचायची. घडण वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ए३२० आज जगभर उडतं आणि चांगलं उडतं. पण वर्षानुवर्षं हातानं ऐकायची सवय झालेल्या माणसाला तुम्ही डोळ्यांनी ऐकायला लावता, तेव्हा ते शिकवायला वेळ द्यावा लागतो.

आता त्या दोन खुर्च्या. "इतका वेळ आयडलवर उतरताय" हे वाक्य मला परीक्षकाचं वाटतं. झालेल्या गोष्टीवर शेरा मारणारं. परीक्षकाची नजर माणसावर असते: याला कळतंय का, हा काय करतो बघू. परीक्षार्थीची नजर परीक्षकावर: यांना काय अपेक्षित आहे. विमानावर कोणाची नजर होती? दोघांपैकी कोणीही एका शब्दात दुसऱ्याला बाजूला सारून लिव्हर ढकलू शकला असता. एकाला परीक्षार्थी असल्याचा संकोच, दुसऱ्याला शिकवायची सवय. हा माझा अंदाज आहे. पण पुढचे दोन अपघात पाहिल्यावर तो मला सोडवत नाही.

ॲमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्को

२५ फेब्रुवारी २००९, टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या डावीकडच्या रेडिओ अल्टिमीटरनं विमान जवळजवळ दोन हजार फुटांवर असताना उणे आठ फूट दाखवलं. ऑटोथ्रॉटलला वाटलं, विमान टेकायला आलं. त्यानं इंजिनं आयडलवर नेली. विमान वाटेच्या वरून खाली येत होतं, म्हणून इंजिनं मंद असणं सुरुवातीला साहजिकच वाटलं. वेग पडत गेला, कॉकपिटमध्ये चेकलिस्ट चालू राहिली. पंखांनी हवा सोडण्याचा इशारा आला तेव्हा उंची ४६० फूट होती. नऊ जण गेले, त्यांत कॉकपिटमधले तिघंही. ते तिघं कोण? शिकाऊ फर्स्ट ऑफिसर, त्याला शिकवणारे कॅप्टन आणि लक्ष ठेवायला मागे बसवलेला तिसरा वैमानिक.

६ जुलै २०१३, एशियाना फ्लाइट २१४, बोइंग ७७७. स्वच्छ हवा, पण त्या धावपट्टीची ग्लाइडस्लोपची, म्हणजे उतरण्याची वाट रेडिओवर दाखवण्याची, सोय बांधकामामुळे बंद होती, म्हणून नजरेनं उतरायचं होतं. विमान उंच राहिलं होतं. खाली यायला वैमानिकानं एक मोड दाबला. पण खिडकीत वरची उंची लावलेली होती, त्यामुळे विमान उलट चढायला लागलं. त्यानं ऑटोपायलट काढला, थ्रॉटल मागे ओढले, आणि ऑटोथ्रॉटल "होल्ड"मध्ये गेलं. होल्डमध्ये ते चालू दिसतं, पण वेगाकडे बघत नाही. कॉकपिटमध्ये तिघं होते, तिघांच्याही हे लक्षात आलं नाही. १३७ नॉट हवा असलेला वेग १०३ पर्यंत आला. शेपटी समुद्राच्या भिंतीला धडकली. ३०७ पैकी तिघांचा जीव गेला. आणि इथेही डावीकडे ७७७ वर नवीन असलेले कॅप्टन, उजवीकडे त्यांना शिकवणारे कॅप्टन.

या बोइंगमध्ये थ्रॉटलचे दांडे हलतात, हे मी वर्गात मुद्दाम सांगितलं. दांडे हलते असते तर बंगळूरचा अपघात टळला असता, असं मी पूर्वी छातीठोकपणे म्हणायचे. आता म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ते मागे ओढलेले डोळ्यांसमोर होते. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं तिथे चूक वैमानिकांची धरली. पण बोइंगच्या पुस्तकांत आणि एशियानाच्या प्रशिक्षणात ऑटोथ्रॉटलचा हा गुंता नीट सांगितला नव्हता, हेही कारणांत लिहिलं. अहवाल असा हवा.

तीन देश, तीन प्रकारची विमानं, मध्ये तेवीस वर्षं. तिन्हीकडे इंजिनं आयडलवर, वेग बेवारशी, आणि शेजारच्या खुर्चीत शिक्षक किंवा परीक्षक.

कोणीतरी मंगळूर आणि कोळिकोडचं नाव काढलं. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ जण गेले. त्या चौकशीचे अध्यक्ष आपले निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला २१ जण गेले. हे अपघात या रांगेत बसत नाहीत. तिथे यंत्रानं कोणाला फसवलं नव्हतं. विमानं धावपट्टीवर फार पुढे टेकली आणि दोन्हीकडे सहवैमानिकानं "गो अराउंड", म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळ्या दिवशी घ्यायला हवा. सगळ्यांना "पायलटची चूक" या एकाच पोत्यात भरलं, की हा फरक दिसेनासा होतो.

आमचं पॅनेल

विमानांचा मला एवढा ध्यास का, हे आमच्या काकांनी विचारलं. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने बोर्ड ऑपरेटर, घणसोली गावचे, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. मग मी ते सांगितलं, जे त्या खोलीत पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात होते. जुनं पॅनेल, दोन वेगळे कंट्रोलर. वरचा रिॲक्टरचं तापमान बघायचा आणि खालच्याला सांगायचा, की रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड करायला पाणी किती सोड. खालचा व्हॉल्व्ह चालवायचा. दुपारी मी कॅलिब्रेशनसाठी खालचा मॅन्युअलला घेतला आणि व्हॉल्व्ह वीस टक्क्यांवर ठेवला. काम झालं, सही केली, निघून गेले. तो परत कॅस्केडला, म्हणजे वरच्याच्या हुकमाखाली, टाकला नाही. रात्री तापमान चढायला लागलं. बोर्डवरच्या ऑपरेटरनं वरच्या कंट्रोलरचा सेटपॉइंट खाली आणला, आणखी खाली आणला. शिफ्ट इंजिनिअरनं विचारलं, "ऑटोवर आहे ना?" तो म्हणाला, "आहे." वरच्यावर ऑटोचा हिरवा दिवा जळत होता, त्याचं उत्तर खरंच होतं. खालच्या कंट्रोलरवर मॅन्युअलचा पिवळा दिवा जळत होता, आणि त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. फील्डवरच्या एका कामगारानं जॅकेटच्या पाइपवर हात ठेवला, तो चटका बसून मागे घेतला, आणि धावत जाऊन बायपास उघडला. बॅच गेली. माणसं वाचली. रिपोर्टात बोर्डवरच्या ऑपरेटरची चूक लिहिली गेली. माझी सही असलेला कागद कोणी मागितला नाही आणि मीही तो पुढे केला नाही.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "मॅडम, 'ऑटोवर आहे का' हा सवालच चुकीचा. व्हॉल्व्ह आत्ता कोणाच्या हातात आहे, हे विचारायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अडीचच्या शिफ्ट बदलीला मी मुद्दाम कंट्रोल रूममध्ये थांबले. काका स्क्रीनवर बोट ठेवून एकेक लूप, म्हणजे कोण काय सांभाळतंय ती एकेक साखळी, पुकारत होते. तापमान ऑटो, पाणी कॅस्केड, व्हॉल्व्ह तापमानाच्या हातात. पुढच्या शिफ्टचा मुलगा त्याच क्रमानं परत म्हणत होता. सहाव्या लूपला तो अडखळला. काकांनी उत्तर दिलं नाही, बोट तिथेच ठेवलं. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. मुलगा खाली वाकला, स्क्रीनवरची त्या कंट्रोलरची चौकट, म्हणजे फेसप्लेट, उघडून वाचली आणि म्हणाला, "मॅन्युअल. माझ्या हातात." मग काकांनी बोट सातव्यावर नेलं.